प्रेसबिटेरियन मंडळीत पहिल्यांदा येताय? दारापासून प्रभुभोजनापर्यंत सगळं, क्रमानं

माझं माहेर वारकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात एकादशी, संध्याकाळी हरिपाठ. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं आणि मी वर्धा जिल्ह्यातल्या या गावात आले. पहिल्याच रविवारी सासरचं अख्खं घर आवरून चर्चला निघालं, तशी मीही निघाले. चप्पल बाहेर काढायची की आत न्यायची, हेही मला ठाऊक नव्हतं. मागच्या भिंतीला टेकून बसले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, एवढंच त्या दिवशी केलं. गाण्याच्या पुस्तकातलं पान शेजारच्या काकू काढून देत होत्या.

पुढची दोन वर्षं मी विचारत, चुकत, कधी नाराज होत शिकले. ज्याला विचारावं तो एक तुकडा सांगायचा, सगळं एका जागी कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय: लग्न होऊन आलेल्या सुना-जावयांसाठी, बदलीवर आलेल्या दुसऱ्या चर्चच्या कुटुंबांसाठी, आणि आत काय चालतं ते एकदा बघावं असं वाटणाऱ्या कुणासाठीही.

आमची मंडळी लहान आहे. पस्तीसेक घरं, कौलारू इमारत, समोर कडुनिंब. बहुतेकांची कापूस-तुरीची शेती, काही शिक्षक, दोन-तीन नर्सबाई. दुसऱ्या गावी वेळा, बसायची पद्धत, जेवणावळी वेगळ्या असतील. विश्वास आणि कारभाराची रीत मात्र प्रेसबिटेरियन म्हणवणाऱ्या मंडळीत साधारण हीच.

१. हे चर्च नेमकं कोणतं, ते आधी समजून घ्या

गावात कुणाला विचारलं तर 'ख्रिश्चन लोकांचं चर्च' एवढंच उत्तर मिळतं. पण आपल्या विदर्भात चर्चेसचे बरेच प्रकार आहेत. अकोला-खामगावकडे अलायन्सच्या मंडळ्या, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, नागपूर-अमरावतीला कॅथलिक धर्मप्रांत, ठिकठिकाणी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे लोक ज्याला सीएनआय म्हणतात ते, आणि घरात भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा. येशू ख्रिस्तावरचा विश्वास सगळ्यांचा. उपासनेची आणि कारभाराची पद्धत प्रत्येकाची निराळी.

'प्रेसबिटेरियन' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'वडील' या अर्थाच्या शब्दावरून आला. वडीलजनांनी मिळून चालवलेलं चर्च, असा त्याचा साधा अर्थ. सोळाव्या शतकात युरोपात चर्चसुधारणेची चळवळ झाली, तेव्हा जिनिव्हात जॉन कॅल्व्हिन आणि स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स यांनी ही घडी बसवली. स्कॉटलंडनं १५६० साली ती स्वीकारली.

तिथून नागपूरपर्यंतचा धागा सरळ आहे. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघालं आणि त्यांचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढल्या, गोंड लोकांची माहिती जमवली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीकडे परत येत होते. वाटेतल्या नाल्याला पूर होता, त्यात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, त्यांच्याच नावाचं. पावसाळ्यात आपल्याकडचा नाला तासाभरात कसा चढतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पुढं १९२४ मध्ये उत्तर भारतातल्या प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल (जिथं प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतंत्र बघते अशा) मंडळ्या एकत्र आल्या. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे ज्यांचे पणजोबा स्कॉटिश मिशनच्या मंडळीतले, अशी पुष्कळ कुटुंबं आज सीएनआयमध्ये दिसतील. आमच्यासारख्या काही लहान मंडळ्या प्रेसबिटेरियन नाव आणि रीत धरून आहेत.

इथं एक सावधगिरी. नुसती पाटी वाचून जाऊ नका. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटून विचारा: तुमची प्रेसबिटरी (आसपासच्या मंडळ्यांची मिळून सभा) कोणती, इथले वडील, म्हणजे निवडलेले वडीलजन, कोण, वार्षिक सभा कधी होते? खऱ्या प्रेसबिटेरियन मंडळीत याची उत्तरं लगेच मिळतात. 'मीच सगळं बघतो' असं उत्तर आलं, तर ती जागा वेगळी आहे असं समजा.

२. पहिल्या रविवारी जाताना

आमच्याकडे उपासना साडेनऊला. एप्रिल ते जूनमध्ये उन्हामुळे आठला. आदल्या दिवशी एखाद्या वडिलांना फोन करा, कारण वेळ बदलली की बाहेरच्याला कळत नाही. रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी असतात. तेव्हा परतीची गाडी आधी विचारून ठेवा. उपासना संपली की चहा होतो, गप्पा होतात आणि हटकून गाडी चुकते.

सोबत घ्यायचं:
– मराठी बायबल. नसेल तर राहू द्या, मागच्या टेबलावर चार-पाच प्रती असतात.
– गीतांचं पुस्तक. हे शेजारी देतात.
– चष्मा, लहान वही, पेन.
– लेकरू लहान असेल तर पाण्याची बाटली आणि खाऊ. मध्येच बाहेर घेऊन गेलात तरी कुणी वळून बघत नाही.

नारळ, हार, अगरबत्ती आणायची नसते. नवीन माणसं श्रद्धेनं आणतात, मीही पहिल्या नाताळाला नारळ नेला होता. सासूबाईंनी तो शांतपणे हातातून घेतला आणि संध्याकाळी त्याच्या वड्या केल्या. प्रसादही नसतो. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. समोर साधा लाकडी क्रूस, एक टेबल आणि उपदेशाचं व्यासपीठ. रिकामं वाटेल. मला तर फार रिकामं वाटलं होतं.

चप्पल बाहेर काढा. खाली सतरंजी असते. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, पण हा नियम नाही, आपल्या गावाची सवय आहे. बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. नाही घेतलीत तर कुणी टोकत नाही. भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हणतात. तुम्ही नमस्कार केलात तरी चालतं.

दानाची पिशवी फिरते तेव्हा नवीन माणूस गडबडतो. काही टाकायचं नसेल तर पिशवी पुढच्याकडे द्या. पाहुण्यानं दान द्यावं अशी अपेक्षाच नाही.

३. उपासनेत काय, कशानंतर

क्रम दर रविवारी जवळपास तोच असतो. पाळक शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वचन वाचून उपासनेला बोलावतात. गीत होतं. मग पापकबुलीची प्रार्थना, जुन्या आणि नव्या करारातून वाचन, पुन्हा गीत, उपदेश, आजारी आणि अडचणीतल्या लोकांसाठी मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण, सूचना, येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद. काही रविवारी प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे जुने ठरलेले शब्द, सगळे मिळून म्हणतात. आशीर्वादाच्या आधी उठू नका, एवढं पाळा.

उपदेश मोठा असतो, चाळीस मिनिटांचा तरी. प्रेसबिटेरियन उपासनेचा कणाच तो. पाळक एखादं पुस्तक घेतात आणि रविवारामागून रविवार, अध्यायामागून अध्याय तेच समजावत जातात. तुम्ही मधूनच आलात तर पहिले दोन रविवार धागा लागणार नाही. वहीत अध्याय लिहून घ्या आणि घरी मागचे दोन अध्याय वाचा, तिसऱ्या रविवारी लागतो.

गाणी पेटी, ढोलक आणि टाळांवर. मराठी ख्रिस्ती मंडळीत अभंग-ओवीच्या चाली पहिल्यापासून आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांनी त्या घडणीतली कितीतरी भजनं लिहून ठेवली. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी टाळ वाजले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांच्या दिंडीत ऐकलेली लय होती ती. त्या दिवशी पहिल्यांदा मी भिंत सोडून पुढं बसले.

४. आमचा विश्वास काय

हा भाग घाईनं वाचू नका. चहा-पाण्याच्या रीती चार आठवड्यांत अंगवळणी पडतात. इथं मला दोन वर्षं लागली.

शास्त्र. बायबलमध्ये ६६ पुस्तकं, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. विश्वास आणि आचरणाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच. पाळकांचा नाही, रूढीचा नाही. वाचायला कुठून सुरुवात करावी? बहुतेक जण पहिल्या पानापासून करतात, उत्पत्तीच्या गोष्टी आवडीनं वाचतात आणि नियमांनी भरलेलं लेवीय आलं की पुस्तक मिटतात. मी तसंच केलं. त्यापेक्षा मार्कपासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, येशूचं चरित्र त्याच्या बाप्तिस्म्यापासून पुनरुत्थानापर्यंत येतं. मग योहान, मग उत्पत्ती.

देव. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. 'मग तीन कसे?' हे मी विचारलं, तुम्हीही विचाराल. विचाराच. त्यावर एका वाक्यात उत्तर देणाऱ्यापेक्षा तुमच्यासोबत बसून शास्त्र उघडणाऱ्या माणसाकडे जा.

कृपा. सगळ्यात उशिरा मला हीच उमगली. आपल्याकडे नवस सगळ्यांना ठाऊक असतो: देवानं हे केलं तर मी ते करीन. मंडळीत आल्यावर मला वाटलं, इथंही तसंच असणार, रविवार चुकवला नाही, उपास धरला, दान दिलं की देव पावेल. पाळकीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लेकीनं काम केलं म्हणून आई तिला जेवू घालते का गं? लेक आहे म्हणून घालते. काम ती नंतर आपसूक करते." आमचा विश्वास असा की माणूस स्वतःच्या पुण्याईनं तरत नाही. येशू ख्रिस्तानं वधस्तंभावर आपलं पाप स्वतःवर घेतलं आणि तो मेलेल्यांतून उठला. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव फुकट, कृपेनं, आपलंसं करतो. चांगली कामं त्या उपकाराची पोचपावती आहेत. ती किंमत नाहीत.

देवाची सत्ता. जे घडतं ते देवाच्या हाताबाहेर घडत नाही, यावर प्रेसबिटेरियन लोकांचा फार भर. विश्वास ठेवणाऱ्याला देवानंच आधी निवडलेलं असतं, हीही शिकवण त्यातलीच, आणि ती पचायला जड आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमचं कपाशीचं शेत खाल्लं. बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी, चिकटलेली. त्या रविवारी मी रागानं एका म्हाताऱ्या वडिलांना विचारलं, एवढ्या प्रार्थना केल्या त्या कुठं गेल्या? त्यांचंही शेत गेलं होतं. ते म्हणाले, "देवानं शिक्षा केली असं म्हनू नोको. अन् देवाले मालूमच नव्हतं असंही म्हनू नोको." बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते पंचनाम्याचे कागद घेऊन सासऱ्यांसोबत तहसीलला गेले. तेव्हापासून ही शिकवण मला त्या दोन वाक्यांतून कळते.

प्रश्नोत्तरी. या सगळ्याचा थोडक्यात सार वेस्टमिन्स्टर लघुप्रश्नोत्तरीत आहे. १६४७ ची, १०७ प्रश्न. पहिलाच प्रश्न असा की माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय, आणि उत्तर असं की देवाचं गौरव करणं आणि सदासर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. शब्बाथशाळेतली, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली, पोरं हे घडाघडा म्हणतात. तुम्ही पाठ केलं नाहीत तरी चालेल, पण आठवड्याला एक-दोन प्रश्न घरी वाचा.

दुसऱ्या चर्चमधून येणाऱ्यांना फरक जाणवतील ते हे: आम्ही दोनच संस्कार मानतो, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. येशूच्या आईचा, मरियेचा, आणि संतांचा आदर आहे, पण प्रार्थना त्यांना करत नाही. विश्वासी आईबापांच्या तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतो, कारण देवाचा करार कुटुंबाशी आहे असं मानतो. बाप्तिस्मा डोक्यावर पाणी ओतून किंवा शिंपडून होतो आणि एकदाच होतो. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं आधी झाला असेल, तर पुन्हा देत नाहीत. 'नदीत बुडून घेतला नाही तर तो बाप्तिस्माच नव्हे' असं कुणी घाबरवलं, तर पाळकांशी बोला.

५. प्रभुभोजनाच्या दिवशी थांबायचं की घ्यायचं

आमच्याकडे हे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत भाकर आणि द्राक्षारस घेतला, त्याची आठवण. भाकर भाकरच राहते, रस रसच राहतो. पण विश्वासानं घेणाऱ्याला ख्रिस्त त्यात आत्मिकरीत्या खरोखर भेटतो, असं आम्ही मानतो.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई काळे मनुके धुऊन भिजत घालतात, उकळतात आणि पांढऱ्या फडक्यातून गाळतात. पावाच्या कडा काढून बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करतात. रस ओतायला काचेच्या इवल्या पेल्यांचं लाकडी तबक आहे, प्रत्येक पेल्याला गोल खाच. पेले त्या स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत.

माझ्या पहिल्या महिन्यात तबक समोर आलं आणि मी हात पुढं केला. शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर हात ठेवून तो हळूच खाली घेतला. कुणी पाहिलंही नसेल, पण मला भर पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं. घरी येऊन रडले. संध्याकाळी तेच म्हातारे वडील आले आणि म्हणाले, "पोरी, तुले कोनी परकं नाही समजत. पन आधी समजून घे, मंग खाय."

तर हे आधीच जाणून ठेवा. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय आणि ज्यांनी मंडळीसमोर विश्वासाची कबुली दिलीय, तेच भाग घेतात. दुसऱ्या चर्चचे पूर्ण सभासद असाल तर उपासनेआधी वडिलांना सांगा, बहुतेक वेळा घेता येतं. बाकीच्यांनी जागेवर बसून राहायचं आणि तबक पुढं द्यायचं. यात जात, गरिबी-श्रीमंती काही बघत नाहीत.

६. कारभार कोण चालवतं

ग्रामसभा माहीत असेल तर हे पटकन कळेल. मंडळीचे सभासद मतदानानं वडील निवडतात. मग प्रार्थनेनं त्यांची नेमणूक होते. पाळक आणि वडील मिळून सेशन होतं. उपदेश, संस्कार, कुणाला सभासद करायचं, कुणाला समज द्यायची, हे सेशन ठरवतं. गरिबांची मदत आणि पैशाअडक्याचं काम डीकन बघतात.

आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेसबिटरी होते, तिथं पाळकांच्या आणि वडिलांच्या मताला सारखंच वजन. तिच्या वर सिनड. बिशप नसतो. पाळकांची नेमणूक मंडळीच्या बोलावण्यानं आणि प्रेसबिटरीच्या मंजुरीनं होते, म्हणून पाळकांबद्दल तक्रार असेल तर प्रेसबिटरीकडे लेखी नेता येते. हा हक्क बऱ्याच जुन्या सभासदांनाही माहीत नसतो.

वर्षातून एकदा वार्षिक सभा. जमा-खर्च मोठ्यानं वाचतात, अगदी सतरंजी धुतल्याचे पैसेसुद्धा. पाहुणा म्हणून मागे बसू शकता, मतदान फक्त सभासदांना. माझं मत विचाराल तर सभासद व्हायच्या आधी अशी एक सभा बघाच. मंडळी कशी आहे ते उपदेशापेक्षा हिशेबाच्या वेळी जास्त कळतं.

७. सभासद व्हायचं असेल तर

कुणी घाई करत असेल तर तुम्ही थांबा. आमच्याकडे क्रम असा: आधी काही महिने नियमित उपासना. मग पाळकांकडे शिकवणीवर्ग, आठवड्यातून एकदा, पाच-सहा महिने. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग बंदच असतो. त्यानंतर सेशनसमोर बोलावतात. मी घाबरून प्रश्नोत्तरी पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं एवढंच की येशू तुझ्यासाठी कोण आहे, आणि घरच्यांच्या दडपणाखाली तर आली नाहीस ना. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. शेवटी एका रविवारी सगळ्यांसमोर बाप्तिस्मा आणि कबुली.

लागणारे कागद:
– स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज, त्यात 'माझ्या इच्छेनं' हे स्पष्ट.
– आधार कार्डची प्रत आणि दोन फोटो.
– वयाचा पुरावा. बाळाचा बाप्तिस्मा असेल तर जन्मदाखला आणि आईबापांपैकी किमान एकाचं सभासदत्व.
– दुसऱ्या चर्चमधून येत असाल तर तिथल्या पाळकांचं बदलीपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला.

बदलीपत्र गाव सोडण्याआधीच घ्या. नंतर पाळक बदलतात, रजिस्टर शोधावं लागतं आणि वर्ष निघून जातं. माझ्या नणंदेचं असंच झालं. दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षरशः जुळतंय का तेही तिथंच बघा.

नाव बदलावं लागत नाही. माझं नाव आजही माहेरचंच आहे. कुंकू, मंगळसूत्र याबद्दल घरोघरी वेगळं ऐकाल. मंडळीचा त्यावर लेखी नियम नाही. माहेर तोडायला कुणी सांगितलं तर ते मंडळीचं शिकवणं नव्हे. मी दर दिवाळीला आईकडे जाते.

८. इथं फसू नका

कायदा. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर बाप्तिस्म्याआधी वकिलाशी बोला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. अनुसूचित जमातीचा आदेश वेगळा आहे, त्यात धर्माची अशी अट नाही. मुलांच्या शिक्षणावर आणि नोकरीवर परिणाम होतो, म्हणून हे घरात बसून मोकळेपणानं बोला. 'कागदावर राहू दे, कुणाला कळतंय' असा सल्ला देणारे भेटतील. तो मानू नका.

आमिष. बाप्तिस्मा घेतला की नोकरी, पैसे, शाळेत प्रवेश, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे आणि पाप आहे. पाळकांना लगेच सांगा.

औषध. 'प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद कर' हे आमच्या मंडळीत कुणीही म्हणणार नाही. ज्या स्कॉटिश मिशननं नागपुरात उपासना सुरू केली, त्याच मिशननं तिथं मूर मेमोरियल हॉस्पिटलही चालवलं. प्रार्थनाही करा, रक्तदाबाची गोळीही घ्या.

पैसे. दान पिशवीत किंवा पावतीवर. पाळकांच्या नावानं फोनवर पैसे मागणारा मेसेज आला तर आधी वडिलांना विचारा.

९. लग्न आणि मयत

दोघंही सभासद असतील तर चर्चमध्ये लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतं. लग्न लावणाऱ्या पाळकांना त्याचा परवाना आहे ना, हे विचारून घ्या. उपासनेत आधी जाहीर सूचना वाचतात. वयाचे पुरावे आणि साक्षीदार तयार ठेवा. एक जण ख्रिस्ती नसेल तर आमचं सेशन चर्चमध्ये लग्न लावत नाही. अशांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करावी, आम्ही तेच केलं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. हॉल बुक करण्याआधी हे दिवस मोजा.

मयत झाली तर आधी वडिलांना फोन करा. खड्डा खणण्यापासून शवपेटीपर्यंत मंडळी बघते. त्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, डबे येतात. शेजारच्या सगळ्या समाजांतून येतात.

१०. वर्षभरात कधी काय

डिसेंबरात तरुण संघ रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरतो. कापूस अजून वेचायचा असतो, म्हणून पोरं पेंगत गातात. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांत, बुधवारी संध्याकाळी प्रार्थना. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन. तेव्हा ऊन चढलेलं असतं, पाणी घेऊन या. पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) पहाटे दफनभूमीत उपासना होते, अंधारातच निघावं लागतं. नवीन माणसानं यातलं एकच बघायचं ठरवलं तर हे बघा.

नवीन माणसाला सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे हंगामाचा सण. पीक घरी आलं की एका रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं काही आणतं. टेबलासमोर तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, वांगी, संत्री, कापसाची बोचकी, कुणाची कोंबडी पाय बांधून. उपकारस्तुतीची प्रार्थना होते आणि उपासनेनंतर कडुनिंबाखाली लिलाव. भोपळ्याची बोली त्याच्या किमतीच्या दहापट जाते, घेणारा तो पुन्हा दान करतो आणि पुन्हा बोली लागते. बोंडअळीच्या वर्षी सासऱ्यांनी कपाशीची एकच फांदी आणली होती, तीन चांगली बोंडं असलेली. तिलाही बोली लागली. नंतर रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. जेवायला सगळ्या गावाला बोलावणं असतं. घरात काही पिकत नसेल तर रिकाम्या हातानं या, वांगी चिरायला माणसं कमीच पडतात.